१७९६ ला पेनसिल्व्हेनियानं कोणाला मत दिलं? जुन्या अमेरिकन निवडणुकीत एका राज्याचं मत नीट कसं काढायचं

अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकांबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, क्विझचे प्रश्न, विकिपीडियाची पानं, त्यात एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. कोणीतरी रंगीत नकाशा बघतं आणि लिहून टाकतं की "पेनसिल्व्हेनियानं जेफरसनला १५ मतं दिली". दुसरा माणूस टेबल उघडतो, त्याला त्याच राज्यासमोर ३० मतं दिसतात आणि तो म्हणतो की टेबलच चुकलंय. टेबल बरोबर आहे आणि जेफरसनची मतं १५ नाहीत, १४ आहेत. हे सगळं नीट लागतं, फक्त पायऱ्यांचा क्रम पाळावा लागतो. तो कसा ते खाली देतोय. मुख्य उदाहरण १७९६ चं पेनसिल्व्हेनिया घेतलंय (तेव्हा मुख्य लढत जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन यांच्यात होती), कारण या एका राज्यात जवळजवळ सगळे घोळ एकदम सापडतात, आणि मध्ये मध्ये मेरीलँड, न्यूयॉर्क वगैरे येतील.

## आधी तयारी

एक साधी शीट बनवा. कॉलम हे ठेवा: वर्ष, वाट्याला आलेले इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडायला राज्यानं नेमलेले प्रतिनिधी), नेमले गेलेले इलेक्टर, खरंच मत दिलेले इलेक्टर, निवडायची पद्धत, उमेदवाराचं पूर्ण नाव, मिळालेली मतं, पॉप्युलर व्होट (सामान्य मतदारांची मतं), शेरा. नेमलेले आणि मत दिलेले हे दोन कॉलम लोक एकत्र करतात, ते करू नका, का ते दुसऱ्या पायरीत कळेल.

आकड्यांसाठी अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जची राज्यवार इलेक्टोरल मतांची यादी घ्या. पॉप्युलर व्होटसाठी फिलिप लॅम्पी या संशोधकानं आयुष्यभर जुन्या वर्तमानपत्रांतून आणि कागदपत्रांतून गोळा केलेले आकडे आहेत, टफ्ट्स युनिव्हर्सिटी आणि अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीनं ते ऑनलाइन टाकलेत, फुकट आहेत. नकाशे शेवटी बघा, सुरुवात कधीच नकाशापासून करू नका.

आणि एक डोक्यातली तयारी. आपल्याकडे राष्ट्रपती निवडणुकीतही निर्वाचक मंडळ असतं, त्यात महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ असतं, पहिली पसंती दुसरी पसंती असते, हे आपल्याला माहीत असतं आणि आपण नकळत तेच तिकडे लावतो. जुन्या अमेरिकन पद्धतीत मतमूल्य नाही आणि पसंतीक्रमही नाही. हे दोन्ही बाजूला ठेवून मगच पुढे जा.

## पायरी १: वर्ष बघा आणि नियम ठरवा

सगळ्यात आधी बघायचं की निवडणूक १८०४ च्या आधीची आहे की १८०४ किंवा नंतरची. बारावी घटनादुरुस्ती जून १८०४ मध्ये मंजूर झाली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत लागू झाली.

त्याच्या आधी, म्हणजे १७८९, १७९२, १७९६ आणि १८०० या चार निवडणुकांत प्रत्येक इलेक्टर दोन मतं द्यायचा, दोन वेगळ्या माणसांना, आणि दोन्ही मतं राष्ट्राध्यक्षपदासाठीच असायची. उपराष्ट्राध्यक्षासाठी वेगळी चिठ्ठी नव्हतीच. ज्याला सगळ्यात जास्त मतं आणि एकूण इलेक्टरांचं बहुमत तो राष्ट्राध्यक्ष, त्याच्या खालचा उपराष्ट्राध्यक्ष. अट एकच, की दोघांपैकी निदान एक माणूस इलेक्टरच्या स्वतःच्या राज्याबाहेरचा पाहिजे.

१८०४ पासून राष्ट्राध्यक्षाला एक मत आणि उपराष्ट्राध्यक्षाला एक मत, दोन्ही वेगळी. म्हणून १८०४ चं मेरीलँड जेफरसन ९, पिंकनी २ असं सरळ वाचता येतं, १७९६ चं मेरीलँड तसं वाचलंत की फसलात.

सावधान: "पहिलं मत अॅडम्सला आणि दुसरं मत पिंकनीला" असं १७९६ बद्दल लिहू नका. मतांना नंबर नव्हते. इलेक्टरच्या मनात क्रम असेल, पक्षाच्या लोकांनी तसं सांगितलंही असेल, पण कागदावर दोन्ही मतं सारखीच.

## पायरी २: इलेक्टर किती मिळायला हवे होते आणि खरंच किती होते

सूत्र सोपं आहे. त्या राज्याच्या हाऊसमधल्या (अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहातल्या) जागा अधिक सिनेटचे (वरच्या सभागृहातले) २. पेनसिल्व्हेनियाच्या १७९६ ला हाऊसमध्ये १३ जागा होत्या, म्हणून १५ इलेक्टर. पण हाच आकडा सगळीकडे चिकटवू नका, कारण १७८९ ला याच राज्याचे इलेक्टर १० होते आणि १८०४ ला २० झाले. जागा जनगणनेवर बदलतात, पण लगेच नाही. १८०० च्या निवडणुकीला १७९० च्या जनगणनेचेच आकडे लागू होते, "१८०० ला जनगणना झाली म्हणजे तेच आकडे" असं धरून बरेच जण चुकतात. आणि दक्षिणेकडच्या राज्यांत गुलाम माणसं तीन-पंचमांश धरून मोजली जायची, त्यांना मत द्यायचा हक्क अजिबात नव्हता, त्यामुळे इलेक्टरांच्या संख्येवरून मतदार किती असतील याचा अंदाज बांधायला जाऊ नका.

आता ते दोन वेगळे कॉलम. १७८९ ला न्यूयॉर्कच्या वाट्याला ८ इलेक्टर होते पण विधिमंडळाच्या दोन सभागृहांचं कसे निवडायचे यावरच जमलं नाही आणि एकही नेमला गेला नाही. त्याच वर्षी व्हर्जिनियाला १२ होते, एका जिल्ह्यातून निकालच आला नाही म्हणून एक नेमलाच गेला नाही, आणि नेमलेल्यांपैकी एकानं मत दिलं नाही, त्यामुळे शेवटी १० जणांनी मत दिलं. मेरीलँडला ८ होते, मत दिलं ६ जणांनी. नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड तर निवडणुकीतच नव्हते कारण त्यांनी तोवर राज्यघटना मान्यच केली नव्हती. हे सगळं एका "एकूण" कॉलममध्ये कोंबलं की वॉशिंग्टन यांची ६९ मतं कुठून आली ते कधीच लागत नाही.

चेक: १७९२ घ्या. १५ राज्यं, इलेक्टर १३५, आणि वॉशिंग्टन यांना मतं १३२. तीन कुठे गेली? दोन मेरीलँडचे आणि एक व्हरमाँटचा इलेक्टर, यांनी मत दिलं नाही. कोणी विरोधात मत दिलं असं नाही. तुमच्या शीटमध्ये हे आपोआप दिसलं पाहिजे.

## पायरी ३: इलेक्टर निवडले कोणी ते शोधा

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

अमेरिकेची घटना म्हणते की राज्याचं विधिमंडळ ठरवेल त्या पद्धतीनं इलेक्टर नेमायचे. म्हणजे प्रत्येक राज्य वेगळं, आणि तेच राज्य प्रत्येक वेळी वेगळं असू शकतं. मुख्य पद्धती तीन. एक, लोकांनी सगळ्या राज्यातून एकत्र निवडायचे, ज्याला जनरल तिकीट म्हणतात. दोन, जिल्ह्याजिल्ह्यातून एकेक निवडायचा. तीन, विधिमंडळानं स्वतःच नेमायचे, लोकांना विचारायचंच नाही. शिवाय टेनेसीसारखं एखादं राज्य होतं जिथे विधिमंडळानं आधी कौंटीमधली माणसं नेमली आणि मग त्या माणसांनी इलेक्टर निवडले.

पेनसिल्व्हेनियात १७९६ ला जनरल तिकीट होतं. ४ नोव्हेंबरला मतदान झालं, मतदारानं १५ इलेक्टरांची नावं द्यायची, आणि छापील चिठ्ठी चालत नव्हती, नावं हातानं लिहिलेली पाहिजेत. जेफरसन यांच्या बाजूनं जॉन बेकली यांनी हजारो चिठ्ठ्या आधीच हातानं लिहून घेऊन राज्यभर वाटायची व्यवस्था केली होती. ही माहिती पुढे कामाला येते, कारण मत इलेक्टरच्या नावाला जायचं, म्हणून एकाच बाजूच्या १५ जणांना मिळालेली मतं एकसारखी नव्हती.

आता चारच वर्षं पुढे या. १८०० ला पेनसिल्व्हेनियात लोकांनी राष्ट्राध्यक्ष निवडणुकीसाठी मतदान केलंच नाही. राज्याचं सिनेट फेडरलिस्टांच्या (अॅडम्स यांच्या पक्षाच्या) हातात, खालचं सभागृह रिपब्लिकनांच्या (जेफरसन यांच्या पक्षाच्या) हातात, दोघांचं जुळेना, आणि इलेक्टरांच्या मतदानाच्या अगदी तोंडावर तडजोड झाली. प्रत्येक सभागृहानं ८ नावं द्यायची आणि संयुक्त मतदानात १६ पैकी १५ निवडायचे. त्यातून ८ रिपब्लिकन आणि ७ फेडरलिस्ट आले. म्हणून या वर्षी पेनसिल्व्हेनियासमोर जेफरसन ८, अॅरन बर ८, अॅडम्स ७, पिंकनी ७ असं दिसतं. हे बघून "राज्यात चुरशीची लढत झाली, जनता निम्मी निम्मी वाटली गेली होती" असं कोणी लिहिलं तर ते साफ चूक आहे, हा आकडा दोन सभागृहांच्या भांडणाचा आहे.

सावधान: त्या वर्षी १६ पैकी फक्त ५ राज्यांत लोकांनी इलेक्टर निवडले. "१८०० ला जेफरसन यांना देशभरात इतके टक्के मतं पडली" असं वाक्य दिसलं की थांबा, ते टक्के बहुतेक राज्यांत लोकांनी मत न देताच काढलेत. आणि ही गोष्ट लवकर संपली असंही समजू नका, साउथ कॅरोलायनात विधिमंडळच इलेक्टर नेमत होतं ते १८६० पर्यंत.

अजून एक, सगळ्या देशात एकच मतदानाचा दिवस नव्हता. १७९२ च्या कायद्यानुसार डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी इलेक्टरांनी आपापल्या राज्यात जमून मत द्यायचं आणि त्याआधीच्या ३४ दिवसांत राज्यानं त्यांना कधीही नेमायचं. शीटमध्ये दोन्ही तारखा लिहा. १७९६ ला इलेक्टरांचा दिवस ७ डिसेंबर होता.

## पायरी ४: इलेक्टर कोणत्या बाजूचे निवडून आले

हा आकडा आणि शेवटची मतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १७९६ ला पेनसिल्व्हेनियात दोन्ही बाजूंना साधारण बारा-बारा हजारांच्या घरात मतं पडली, फरक अगदीच थोडा. इलेक्टरनिहाय मतं थोडी मागेपुढे असल्यामुळे सगळे १५ एकाच बाजूचे आले नाहीत, १३ रिपब्लिकन आले आणि रॉबर्ट कोलमन व सॅम्युअल माइल्स हे २ फेडरलिस्ट आले.

म्हणजे जनरल तिकीट असलं तरी "जो जिंकला त्याला सगळे" हे त्या काळी हमखास नव्हतं. आजच्या नियमाची सवय असल्यामुळे लोक १५-० धरून बसतात.

सावधान: इथला रिपब्लिकन म्हणजे जेफरसन यांचा पक्ष, ज्याला पुस्तकांत डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणतात. आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ ला निघाला. शीटमध्ये नुसतं "रिपब्लिकन" लिहून ठेवलंत तर सहा महिन्यांनी तुमचाच गोंधळ होईल, पूर्ण नाव लिहा.

## पायरी ५: खरी मतं भरा

आता प्रत्येक इलेक्टरची दोन मतं. पेनसिल्व्हेनिया १७९६ चं असं लागतं: १३ रिपब्लिकन इलेक्टरांनी जेफरसन आणि बर यांना दिली. कोलमन यांनी अॅडम्स आणि थॉमस पिंकनी यांना दिली. माइल्स निवडून आले फेडरलिस्ट म्हणून, पण मत दिलं जेफरसन आणि थॉमस पिंकनी यांना. त्यावर तेव्हा फार मोठा गहजब झाला, एका फेडरलिस्ट मतदारानं वर्तमानपत्रात लिहिलं की मी माइल्सना विचार करायला निवडलेलं नाही, ठरलं तसं मत द्यायला निवडलंय. "फेथलेस इलेक्टर" (ठरल्यापेक्षा वेगळं मत देणारा) म्हणून ज्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं ते हेच.

एकूण झालं जेफरसन १४, बर १३, पिंकनी २, अॅडम्स १. पायरी ४ मध्ये १३-२ होतं, इथे जेफरसन-अॅडम्स १४-१ झालं. दोन्ही खरे आहेत, फक्त कोणता आकडा कशाचा ते लिहा.

नावांची काळजी घ्या. १७९६ चे पिंकनी म्हणजे थॉमस, आणि १८००, १८०४, १८०८ चे पिंकनी म्हणजे त्यांचे भाऊ चार्ल्स कोट्सवर्थ. १७९६ ला नॉर्थ कॅरोलायनात तर एक मत थॉमसना आणि एक मत चार्ल्स कोट्सवर्थना आहे, नुसतं "पिंकनी २" लिहिलं तर दोन माणसांचा एक माणूस होतो. तसंच व्हर्जिनियात जॉन अॅडम्स यांना १ आणि सॅम्युअल अॅडम्स यांना १५ मतं आहेत. "व्हर्जिनियानं अॅडम्सला १६ मतं दिली" असं कोणी लिहिलं तर त्याचं कारण हे, आणि जेफरसन यांच्या स्वतःच्या राज्याबद्दल ती किती भलती चूक होईल बघा.

पक्षावरून मतं ओळखायलाही जाऊ नका. साउथ कॅरोलायनाच्या ८ इलेक्टरांनी ८ मतं जेफरसनना आणि ८ मतं पिंकनींना दिली, म्हणजे एक विरोधी पक्षाचा आणि एक आपल्या राज्याचा माणूस. उलट न्यू हॅम्पशायरच्या ६ जणांनी अॅडम्सना ६ आणि ऑलिव्हर एल्सवर्थना ६ दिली, पिंकनींना शून्य, कारण पिंकनी चुकून अॅडम्सच्या पुढे जातील ही भीती होती.

## पायरी ६: बेरजेचा चेक

नियम एकच: राज्याची सगळी मतं = मत दिलेले इलेक्टर × २ (१८०४ च्या आधी). आणि कोणत्याही एका माणसाची मतं इलेक्टरांच्या संख्येपेक्षा जास्त असू शकत नाहीत.

पेनसिल्व्हेनिया: १४ + १३ + २ + १ = ३०. १५ × २ = ३०. जमलं.

आता मेरीलँड १७९६ घ्या, इथे भलेभले अडकतात. इलेक्टर १०. अॅडम्स ७, जेफरसन ४. सात आणि चार अकरा, मग दहा इलेक्टरांचे अकरा कसे? बरेच जण इथे एक मत कापून टाकतात आणि ७-३ लिहितात. कापू नका. एका इलेक्टरनं आपल्या दोन मतांपैकी एक अॅडम्सना आणि एक जेफरसनना दिलं होतं, आणि नियमात ते पूर्ण बसत होतं. बाकीची मतं मिळवा: पिंकनी ४, बर ३, जॉन हेन्री २. सगळी मिळून २०. दहा गुणिले दोन वीस. बरोबर.

चेक जमला नाही तर या क्रमानं शोधा: आधी कोणी इलेक्टर गैरहजर होता का, मग एखाद्या किरकोळ नावाचं मत राहिलं का (१८०० ला ऱ्होड आयलंडमध्ये जॉन जे यांना १ मत आहे, ते नेहमी राहतं), मग सारख्या आडनावांची सरमिसळ, आणि त्यानंतरच टेबल चुकलंय असं म्हणा.

सावधान: टक्केवारी काढू नका. १७८९ ला ६९ इलेक्टर, १३८ मतं, वॉशिंग्टन ६९, म्हणजे पन्नास टक्के? ते तर एकमतानं निवडून आले, एकूण एक इलेक्टरनं त्यांना मत दिलं होतं.

## पायरी ७: देशाच्या निकालात हे मत कुठे बसतं

बहुमत इलेक्टरांच्या संख्येवर काढायचं, मतांच्या संख्येवर नाही. १७९६ ला १३८ इलेक्टर, मतं २७६, बहुमत ७०. निकाल अॅडम्स ७१, जेफरसन ६८. इतकं कमी अंतर असल्यामुळे एकेकटं मत महत्त्वाचं ठरतं. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना ही जेफरसन यांची हक्काची राज्यं, पण दोन्हीकडून अॅडम्स यांना एकेक मत गेलं. ती दोन मतं जेफरसनकडे गेली असती तर जेफरसन ७०, अॅडम्स ६९ झालं असतं आणि राष्ट्राध्यक्षच बदलला असता. "व्हर्जिनिया जेफरसनचं" एवढ्यावर थांबणारी टेबलं नेमकी हीच गोष्ट घालवतात.

## पायरी ८: पॉप्युलर व्होट सगळ्यात शेवटी

हे शेवटी ठेवायचं कारण, तिसऱ्या पायरीत "विधिमंडळ" आलं असेल तर हा कॉलम रिकामाच राहतो, शून्य लिहायचं नाही, "मतदान नाही" लिहायचं.

जनरल तिकीट असेल तर १५ इलेक्टरांची मतं एकत्र बेरीज करू नका, एकच मतदार पंधरा वेळा मोजला जातो. प्रत्येक बाजूच्या सगळ्यात जास्त मतं मिळालेल्या इलेक्टरचा आकडा घ्या आणि शेऱ्यात तसं लिहून ठेवा, कारण काही जण सरासरी घेतात आणि मग दोन पुस्तकांचे आकडे जुळत नाहीत. जिल्हावार असेल तर जिल्ह्यांची बेरीज चालते, पण एखाद्या जिल्ह्यात लढतच नव्हती का हे आधी बघा.

## पायरी ९: प्रकरण हाऊसमध्ये गेलं असेल तर वेगळी शीट

१८०० आणि १८२४ या दोन निवडणुका इलेक्टरांच्या मतांवर निकाल न लागल्यामुळे हाऊसमध्ये गेल्या, आणि तिथे "राज्याचं मत" ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तिथे एका राज्याला एकच मत, लहान मोठं काही नाही, आणि ते त्या राज्याचे हाऊसमधले सदस्य आपसात ठरवतात, इलेक्टरांचा त्याच्याशी संबंध नाही.

१८०० ला जेफरसन आणि बर दोघांना ७३-७३. फेब्रुवारी १८०१ मध्ये ३६ फेऱ्या झाल्या. पहिल्या ३५ फेऱ्यांत ८ राज्यं जेफरसनकडे, ६ बरकडे, आणि मेरीलँड व व्हरमाँट हे आतून निम्मे निम्मे असल्यामुळे कोणाकडेच नाहीत. १६ पैकी ९ लागत होती. ३६ व्या फेरीत मेरीलँड आणि व्हरमाँट जेफरसनकडे आले, डेलावेअर आणि साउथ कॅरोलायनानं कोरं मत दिलं, आणि १० राज्यांवर निकाल लागला.

१८२४ ला तर एकाच राज्याची दोन उत्तरं निघतात. मेरीलँडचे इलेक्टर जॅक्सन ७, जॉन क्विन्सी अॅडम्स ३, क्रॉफर्ड १, पण हाऊसमध्ये मेरीलँडचं मत अॅडम्सना. इलिनॉयचे इलेक्टर जॅक्सन २, अॅडम्स १, आणि हाऊसमध्ये तेही अॅडम्सना. कोणी विचारलं की "१८२४ ला इलिनॉयनं कोणाला मत दिलं" तर आधी उलट विचारा, इलेक्टरांनी की हाऊसमध्ये.

## लिहिताना वाक्य कसं करायचं

"राज्यानं अमक्याला मत दिलं" हे वाक्य टाळा. त्याऐवजी वर्ष, पद्धत, इलेक्टर आणि मतं या क्रमानं लिहा. असं:

"१७९६ ला पेनसिल्व्हेनियात लोकांनी राज्यव्यापी मतदानानं १५ इलेक्टर निवडले, त्यात १३ डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन आणि २ फेडरलिस्ट होते, त्यांनी दिलेली ३० मतं अशी: जेफरसन १४, बर १३, थॉमस पिंकनी २, जॉन अॅडम्स १."

सरावाला आधी १७८९ चं पेनसिल्व्हेनिया घ्या, वॉशिंग्टन १०, अॅडम्स ८, हॅनकॉक २, हे पटकन जमतं. मग १७९२ चं, वॉशिंग्टन १५, अॅडम्स १४, क्लिंटन १. त्यानंतर १७९६ ची व्हर्जिनिया भरून बघा, २१ इलेक्टर आणि सात नावं: जेफरसन २०, सॅम्युअल अॅडम्स १५, जॉर्ज क्लिंटन ३, आणि जॉन अॅडम्स, थॉमस पिंकनी, बर, वॉशिंग्टन प्रत्येकी १. बेरीज ४२ आली पाहिजे.